एडेसाच्या थोरोसचा खून : मातेओसचं ऐकायचं की फुल्चरचं?

मूळ धागा – पिंपळपान

पहिल्या क्रुसेडबद्दल (युरोपातल्या ख्रिश्चनांच्या जेरुसलेमवरच्या धर्मयुद्ध-मोहिमेबद्दल) वाचताना आपण बहुतेक वेळा लॅटिन लेखकांच्याच नजरेने पाहतो. एडेसा (आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा) इथे राहिलेला आर्मेनियन बखरकार मातेओस उर्हायेत्सी कुठे तरी तळटीपेत येतो. हा अन्याय आहे.

मार्च १०९८चीच घटना घ्या. फेब्रुवारीत क्रुसेडचा एक सरदार बाल्डविन एडेसात आला आणि महिन्याभरात शहराचा शासक थोरोस जमावाच्या हातून मारला गेला. लॅटिन बखरकार फुल्चर म्हणतो, लोकांनीच कट केला, बाल्डविनला फार दुःख झालं. मातेओस सांगतो की कटवाले बाल्डविनकडे गेले, त्याने संमती दिली, नंतर पवित्र अवशेषांवर हात ठेवून थोरोसला अभयाची शपथ दिली आणि ती मोडली. फुल्चर तर बाल्डविनचा खासगी पाद्री! धन्याची बाजू तो राखणारच. माझं मत मातेओसला.

प्रतिसाद – काठावरचा

पूर्ण असहमत. पाद्री पक्षपाती, मग मठवासी निःपक्षपाती कसा? मातेओसला इतिहास म्हणजे भविष्यवाणी खरी ठरणं. जुन्या आर्मेनियन संत नेर्सेसने सांगितलं होतं म्हणून फ्रँक (पश्चिम युरोपातले क्रुसेडवाले) आले, पाप वाढलं म्हणून तुर्क आले, अशी त्याची मांडणी आहे. ग्रीकांविषयी, म्हणजे बायझंटाइनांविषयी, तर तो कायम विष ओकतो. आणि नोव्हेंबर १११४च्या भूकंपात एकट्या मराश शहरात ४०,००० मेले म्हणतो. असल्या माणसाच्या शब्दावर कुणाला खुनी ठरवायचं?

प्रतिसाद – पिंपळपान

तुम्ही दिलेली कारणंच माझ्या बाजूची आहेत. फ्रँक हे भविष्यवाणीप्रमाणे आलेले मुक्तिदाते, ही त्याची चौकट. बाल्डविनची शपथभंगाची गोष्ट त्या चौकटीला तडा देते, तरी तो ती सांगतो. शिवाय थोरोस ग्रीक पंथाचा होता, बायझंटाइन पदवी मिरवणारा. ग्रीकद्वेष्ट्या मातेओसने त्याच्यासाठी हळहळायचं कारण काय? स्वतःच्या दोन्ही पूर्वग्रहांविरुद्ध जाऊन माणूस काही लिहितो, तेव्हा मी कान टवकारतो.

प्रतिसाद – काठावरचा

मुद्दा चांगला आहे, पण तो लिहितोय कधी ते बघा. हे सगळं त्याने बऱ्याच वर्षांनी लिहिलं. मध्ये १११३ साल येऊन गेलं. शहर तुर्कांच्या हाती देतील या संशयाने दुसऱ्या बाल्डविनने (पहिल्याच्या नंतर एडेसावर राज्य करणाऱ्या त्याच नावाच्या फ्रँकने) एडेसाच्या रहिवाशांना घराबाहेर काढलं. ती जखम ताजी असताना जुन्या बाल्डविनची आठवण काळी होणारच. १०९८ची गोष्ट सांगताना तो १११३चा राग काढत नसेल कशावरून?

प्रतिसाद – ओसरी

दोघांचं वाचतेय. रागाचा तर्क पटला होता, पण तान्क्रेदपाशी अडकला. तोही फ्रँकच, अँटिओकचा कारभारी, १११२मध्ये वारला. मातेओस त्याला दयाळू आणि धर्मनिष्ठ म्हणतो, त्याच्या जाण्याने हळहळतो. सरसकट फ्रँकांवर राग असता तर हे पुसलं गेलं असतं. तो माणूस बघून बोलतो. खुद्द दुसऱ्या बाल्डविनचंही शौर्य मान्य करून मग हाव सांगतो.

आणि एक गोष्ट या भांडणात राहून गेली. बायझंटाइन सम्राट योहान त्झिमिस्केसने ९७५च्या सीरिया मोहिमेबद्दल आर्मेनियाच्या राजा अशोतला लिहिलेलं पत्र फक्त मातेओसकडे उरलं आहे. सम्राट त्यात बढाई मारतो, ते वेगळं. पण ज्या ग्रीकांना हा शिव्या घालतो, त्यांच्या सम्राटाचा कागद त्याने जपून उतरवून घेतला!

प्रतिसाद – काठावरचा

तान्क्रेदचा मुद्दा मान्य, १११३चा राग १०९८च्या गोष्टीत काढल्याची माझी शंका त्यामुळे ढिली पडली. शपथेचा तपशील मात्र मी अजून शहरातली बोलवा म्हणूनच घेईन. बंद दाराआडची संमती त्याला कोण सांगणार?

प्रतिसाद – पिंपळपान

बोलवा तर बोलवा. ज्यांच्या डोळ्यांदेखत प्रेत पडलं त्या शहराची बोलवा आहे ती, आणि फुल्चरकडे ती मुळीच नाही.

भूकंपाच्या आकड्याचंही सांगतो. मराशचे ४०,००० मीही मोजणी धरत नाही. पण त्याच भूकंपात काळ्या पर्वतावरच्या एका मठाचं चर्च उपासना चालू असताना कोसळलं, तिथे तो तीस भिक्षू आणि दोन वर्दापेत, म्हणजे धर्माचार्य, गेले असं लिहितो. हा आकडा त्या मठाला ओळखणाऱ्या कुणाकडून तरी आलाय.