प्लग बदलल्यापासून वॅगनआर मिसिंग मारते, पिकअप गेला

रविवारचा_पाना (पुणे):
वॅगनआर १.०, के-१०बी पेट्रोल, ७८,००० किमी. घरीच तिन्ही प्लग बदलले, एअर फिल्टर नवा टाकला, कार्ब क्लीनरने थ्रॉटल बॉडी साफ केली. तेव्हापासून आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) गाडी थरथरते आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्येही ओढत नाही. चेक इंजिनचा दिवा लागलाय. स्कॅनरवर कोड पी ०३०२ (दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर), शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये करतो ती दुरुस्ती) +१४ टक्के, आयडल ८५० आरपीएमच्या आसपास. ट्रिम एवढं वर म्हणजे व्हॅक्यूम लीक (इनटेकच्या फटीतून हवा आत शिरतेय), असं व्हिडिओत सांगतात. इनटेकच्या जोडांवर क्लीनर फवारून बघू का?

कॉइल_ते_क्रँक:
फवारू नका. चालू इंजिनवर, तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो स्प्रे पेट घेतो.

ते व्हिडिओ हवा मोजणाऱ्या, म्हणजे एमएएफ सेन्सरच्या गाड्यांचे आहेत. तुमच्या गाडीत मॅप सेन्सर आहे, तो मॅनिफोल्डमधला दाब बघतो. चोरून शिरलेल्या हवेनेही दाब वाढतो, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतो. त्यामुळे अशा गाडीत मोठा लीक असला की बहुधा आयडल चढतं. तुमचं तर ८५० लाच आहे, चढलेलं नाही.

मग ट्रिम +१४ का? दोन नंबरचा सिलिंडर पेटतच नाही. त्यातला न जळलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो आणि ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं. ट्रिम हा इथे मिसफायरचा परिणाम आहे, कारण नव्हे.

खात्रीसाठी मॅपचे दोन आकडे द्या: इंजिन बंद, चावी ऑन; आणि गरम इंजिन, आयडल, एसी बंद. पुण्याच्या उंचीवर पहिला ९५ किलोपास्कलच्या आसपास हवा (मुंबईत तो १०१ दिसेल).

मग इंजिन बंद करून एक आणि दोन नंबरच्या कॉइलची (प्लगला करंट देणारा भाग) अदलाबदल करा. नंबर बेल्टच्या बाजूने मोजायचे. कोड पी ०३०१ झाला तर कॉइल खराब. दोनवरच राहिला तर प्लग दोनचा तीनला, तीनचा दोनला.

रविवारचा_पाना:
चावी ऑनला ९४, आयडलला ४२. कॉइलची अदलाबदल करूनही पी ०३०२ च. दोन-तीनच्या प्लगची अदलाबदल केल्यावर पी ०३०३ आला.

गॅप_१_१:
म्हणजे प्लगच. बसवताना तो विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) सुटून पडला असणार, हे फार वेळा होतं. उजेडात धरून बघा. पडलेल्या प्लगचा गॅप (ठिणगी पडते ती टोकाची फट) मिटतो. एनजीकेच्या नंबरात शेवटी -११ असेल तर गॅप १.१ मिमी असतो. फीलर गेज ०.६ लाच अडलं तर तो आपटलाय. पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी काळी उभी रेघ दिसली तर करंट टोकापर्यंत न जाता बाहेरूनच बॉडीला उडतोय. असा प्लग गॅप वाढवून परत वापरू नका. त्याच कॉइलच्या रबरी बूटच्या आतही तशीच रेघ शोधा. असेल तर बूटही बदला, नाहीतर नवा प्लग त्याच वाटेने करंट सोडेल.

रविवारचा_पाना:
रेघ आहे! गॅप ०.७. बूट आतून स्वच्छ आहे.

कॉइल_ते_क्रँक:
त्याच नंबरचा नवा प्लग आणा. बसवताना इंजिन गार हवं. प्लग सॉकेटमध्ये रबर नसेल तर प्लग पेट्रोलच्या जुन्या नळीच्या तुकड्यात खोचून खाली सोडा आणि आटे हाताने लावा. अडकला तर पाना लावू नका, काढून पुन्हा सरळ लावा. हेड ॲल्युमिनियमचं आहे. वॉशर टेकला की नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. वापरलेल्याला फेऱ्याचा बारावा भागच, कारण त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो.

कॉइलच्या कनेक्टरची ‘टिक’ ऐकू आली पाहिजे. मग कोड पुसा आणि गाडी गरम करून ट्रिम परत बघा, ते शून्याच्या आसपास यायला हवं.

तोवर गाडी चालवू नका, विशेषतः दिवा लुकलुकत असेल तर. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. तो बदलायचा खर्च प्लगच्या कितीतरी पट आहे.