खाडीच्या पाण्याच्या नोंदी: मेटाडेटा कधी लिहिता?

खाडीकाठची: पीएचडीसाठी ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीतल्या पाण्याचे नमुने घेतेय. दोन वर्षांत ४० एक्सेल फायली झाल्यात. काल पहिल्या वर्षाची एक उघडली, तर 'एस२' नावाचा रकाना. क्षारता? दुसरं ठिकाण? मलाच आठवेना! सर म्हणतात, मेटाडेटाचं (कुठला आकडा कशाचा, कधीचा, कुठला ही माहिती) प्रबंधाच्या वेळी बघू. तुम्ही कधी लिहिता, कशात?

जुनी वही: प्रबंधापर्यंत एस३सुद्धा विसराल :) नमुना घेतला त्याच दिवशी लिहायचं. फोल्डरमध्ये साधी रीडमी टेक्स्ट फाईल पुरते: रकान्याचा अर्थ, एकक, कुठला मीटर, तो कॅलिब्रेट कधी केला (प्रमाणाशी ताडून कधी जुळवला). तारीख २०२३-०४-०३ अशीच (वर्ष-महिना-दिवस), नाहीतर एक्सेल एप्रिलचा मार्च करतं. वेळ मात्र घड्याळातली हवी, 'सकाळी' नको. एकाच जागी भरतीला नि ओहोटीला क्षारता वेगळी येते, मग नुसत्या आकड्याचं करायचं काय?

रोहितवेडा: +१. आम्ही पक्षी मोजतो. जुन्या शीटमधली रिकामी चौकट म्हणजे रोहित (फ्लेमिंगो) दिसले नाहीत, की त्या दिवशी आम्ही गेलोच नाही? कुणालाच सांगता येईना. अख्खा हंगाम बाद. आता दिसले नाहीत तर शून्य, गेलो नाही तर तसं स्पष्ट लिहितो. तुमच्याकडेही शून्य आणि 'यंत्राच्या मर्यादेखाली' (इतकं कमी की यंत्राला मोजता येत नाही) वेगळं ठेवा. रकान्यांची नावं आम्ही डार्विन कोअरमधून (सजीवांच्या नोंदींसाठी ठरवलेली प्रमाण नावं) घेतो, जीबीआयएफवर (सजीवांच्या नोंदींचा जागतिक खुला साठा) डेटा द्यायचा तर तीच लागतात. पाण्याच्या आकड्यांना त्याचा फार उपयोग नाही.

खाडीकाठची: आणि जुन्या फायलींचं? बऱ्याच ठिकाणी वेळच नाही.

जुनी वही: फोनमधले त्या दिवसाचे फोटो बघा ताई, वेळ असते त्यात, लोकेशन चालू असेल तर जागाही. मग भरतीचं कोष्टक. (आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरती सांगायचे, अष्टमीला सहा. प्रबंधात नका लिहू!) कोष्टक मुंबई बंदराचं असेल तर ऐरोलीला पाणी त्याहून उशिरा चढतं, हे ध्यानात ठेवा. आणि मागाहून शोधलेली वेळ मूळ रकान्यात घुसडू नका. वेगळा रकाना, 'फोटोवरून' असा शेरा.

खाडीकाठची: एस२ सापडलं! बाटलीवरच्या चिठ्ठीचा फोटो होता. क्षारताही नाही, ठिकाणही नाही. त्याच जागेचा दुसरा नमुना. मी सरासरीत वेगळी जागा म्हणून धरणार होते. उरल्या ३९ फायली.