हद्दवाढीत गाव गेलं तर नेमकं काय जातं, काय येतं? ग्रामसभेआधी समजून घ्यायचंय

माळावरची मास्तरीण

नमस्कार. मी कोल्हापूर शहराला चिकटून असलेल्या एका गावात राहते. गावाचं नाव लिहीत नाही, सगळे ओळखीचे आहेत. आमच्या रस्त्याच्या एका कडेचे दिवे महापालिकेचे आणि दुसऱ्या कडेचे ग्रामपंचायतीचे, इतकं जवळ.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे. हद्दवाढीच्या विरोधात ठराव होणार हे ठरल्यातच जमा आहे. सासरे हद्दवाढविरोधी कृती समितीत आहेत, त्यामुळं घरातही दुसरं बोलणं निघत नाही. मला मात्र हात वर करायच्या आधी समजून घ्यायचंय.

घरी तीन म्हशी आणि एकोणतीस गुंठे ऊस आहे. शेजारच्या रानाचे प्लॉट पडले, तिथं आता चाळीसेक घरं झाली. त्या घरांना गटार नाही. मोरीचं पाणी पाणंदीतून वाहत येतं आणि आमच्या सरीत शिरतं. गेल्या पावसाळ्यात बांधाकडच्या चार सऱ्या मुळातून कुजल्या. उपटलेल्या बुडख्याला साबणाचा वास येत होता. नळाला पाणी तीन दिवसांआड, मे महिन्यात टँकर. मुलं शहरातल्या शाळेत, दवाखाना म्हणजे शहरातलं सरकारी सीपीआर रुग्णालय, जायला केएमटीची शहर बस. म्हणजे राहतो गावात आणि जगतो शहरावर, हेही खरं आहे.

घरफाळा किती वाढतो? म्हशी ठेवू देतात का? उसाच्या रानावर आरक्षण पडलं, म्हणजे रस्ता-बागेसारख्या कामासाठी आराखड्यात जागा राखून ठेवली, तर? आणि पाणी खरंच येतं का? सासरे म्हणतात, "सरपंचाच्या दारात जाऊन भांडता येतं, आयुक्ताच्या दारात आपल्याला कोण उभं करून घेतंय?" याला माझ्याकडं उत्तर नाही. ज्यांची गावं हद्दीत गेलीत त्यांनी सांगावं.

पेठेतला

ताई, मी शहरातला, त्यामुळं माझं म्हणणं एका बाजूचं वाटेल, तरी सांगतो. आपली महापालिका १५ डिसेंबर १९७२ ला झाली. तेव्हापासून आजवर शहराची हद्द एकदाही वाढलेली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटर, तेवढंच. २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं प्राधिकरण मिळालं. प्राधिकरण आराखडा आणि बांधकाम परवानगी बघतं. तुमच्या पाणंदीतली मोरी बघणं किंवा नळाला पाणी सोडणं हे त्याचं रोजचं काम नाही.

तुमच्या सरीतलं पाणी पुढं ओढ्यानाल्यांनी शेवटी पंचगंगेलाच मिळतं. शहरानं मैलापाणी शुद्ध करायला केंद्रं बांधली, पण नाल्याच्या वरच्या अंगाची वस्ती आपल्या हिशेबात नाही आणि ग्रामपंचायतीला तेवढं मोठं केंद्र बांधायला पैसा नाही. नदी कुणाची हद्द बघत नाही हो. खाली शिरोळपर्यंतची माणसं तेच पाणी पितात. मला या हद्दवाढीची तळमळ आहे ती या नदीपायी.

म्हशींचं म्हणाल तर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर या. भर शहरात धारोष्ण दूध मिळतं, ते शहराच्या पेठांतही गोठे आहेत म्हणूनच.

दप्तरी

मास्तरीणबाई, मी ग्रामपंचायतीत सव्वीस वर्षं लिपिक होतो. आमचं गाव एका मोठ्या शहरात गेलं. शहराचं नाव लिहीत नाही, कारण मला कुणावर ठपका ठेवायचा नाही, फक्त झालं ते सांगायचंय.

अधिसूचना निघाली आणि पाचव्या दिवशी सकाळी गाडी आली. दप्तर ताब्यात द्यायचं होतं. नमुना आठची (घरपट्टी आकारणीची) रजिस्टरं, जन्ममृत्यूची नोंदवही, मासिक सभेची प्रोसिडिंग बुकं, पावतीपुस्तकं, गोल शिक्का. मी एकेक वाचत होतो आणि त्यांचा माणूस यादीवर टिक करत होता. शेवटी एक चाव्यांचा जुडगा राहिला. त्यांनी विचारलं, "या कशाच्या?" मी म्हणालो, "विहिरीवरच्या पंपघराची, स्टार्टरच्या पेटीची, शाळेमागच्या टाकीची. बाकीच्या बाळूला माहीत." बाळू म्हणजे आमचा पाणी सोडणारा (नाव बदललंय). यादीत लिहिलं गेलं: चाव्या, नग नऊ.

आता ऐका. गावात व्हॉल्व्ह होते एकोणीस. त्यातले सहा मातीखाली. एक तर देवळाच्या पायरीजवळच्या फरशीखाली, तो अर्धाच उघडायचा, पूर्ण उघडला की खालच्या आळीची लाइन फुटायची. हे कुठल्याही कागदावर नव्हतं. ते सगळं बाळूच्या डोक्यात होतं. बाळूची नोकरी कायम झाली, त्याचा आम्हाला आनंदच झाला, पण तीन आठवड्यांत त्याची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली. पुढचे सहा दिवस वरच्या आळीला पाणी नाही आणि खालच्या आळीत रस्त्यावर कारंजं. नवी पोरं प्रामाणिकपणे पहारी घेऊन फिरत होती, त्यांना बिचाऱ्यांना सापडणार कुठून? शेवटी बाळू ड्युटी संपवून रात्री साडेनऊला सायकलवर आला आणि बॅटरीच्या उजेडात एकेक जागा दाखवली. मी मागून चुन्यानं फुल्या मारत गेलो.

तुमच्या सासऱ्यांचं खरं आहे. दार लांब जातं. माझ्या टेबलासमोर रोज वीस माणसं यायची, कुणाचा दाखला, कुणाचा उतारा. नंतर तीच माणसं दोन बस बदलून क्षेत्रीय कार्यालयात जायला लागली. पण दुसरी बाजूही सांगतो. आमच्या ग्रामपंचायतीचं उत्पन्न इतकं तुटपुंजं होतं की मुख्य गटार टाकायचं इस्टिमेट दोनदा करून कपाटात ठेवून दिलं. ते काम शहरात गेल्यावर सातव्या वर्षी झालं. उशिरा झालं, पण झालं. आमच्याच्यानं ते जन्मात झालं नसतं.

घरपट्टी एकदम पूर्ण लागत नाही. सुरुवातीला ग्रामपंचायतीच्याच दरानं येते, मग वीस-वीस टक्क्यांच्या पायऱ्यांनी शहराच्या दराला जाते. लोक पहिलं बिल बघून निर्धास्त होतात आणि चौथ्या-पाचव्या बिलाला घाबरतात. घराची नोंद आत्ताच तपासून घ्या. माळा, पत्र्याची शेड, गोठा, जे आहे ते बरोबर लिहिलेलं असू दे. आमच्याकडं गोठे निवासी म्हणून चढले आणि ते उतरवायला लोकांची वर्षं गेली.

नकाशेवाला

मी नगररचनेत काम करतो. पुण्याचं उदाहरण सांगतो, कारण महाराष्ट्रात हद्दवाढ सगळ्यात जास्त तिथं झाली आणि त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

१९९७ मध्ये ३८ गावं घेतली. २००१ मध्ये त्यातली काही पूर्ण, काही अंशतः पुन्हा वगळली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली, ३० जून २०२१ ला आणखी २३. शहर ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेलं, क्षेत्रफळानं मुंबईपेक्षा मोठं. उरुळी देवाची आणि फुरसुंगी २०१७ ला आत आली आणि २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे हद्दीची रेघ मागंही सरकते. मधल्या काळात ज्यानं परवानगी काढली, कर भरला, त्यानं कुणाच्या दारात जायचं, हा प्रश्न त्या रेघेबरोबर सरकत राहतो.

आता दोन गोष्टी तुमच्या ग्रामसभेसाठी. पहिली प्रतिनिधींची. २०१७ च्या अकरा गावांत अकरा ग्रामपंचायती होत्या, प्रत्येकीला सरपंच आणि सदस्य. त्या बदल्यात अकरा गावांना मिळून दोन नगरसेवक मिळाले, तेही २०१९ च्या पोटनिवडणुकीत. २०२१ च्या गावांचं तर आणखी अवघड झालं, कारण मार्च २०२२ पासून तिथं प्रशासक आले. कोल्हापुरातही नोव्हेंबर २०२० पासून कितीतरी काळ प्रशासकच होते. सासऱ्यांचा मुद्दा भावनेचा नाही, नेमका आहे. सरपंच गेल्यापासून नगरसेवक येईपर्यंत गावाचं म्हणणं कोण मांडणार, हे आधीच मागून घ्या.

दुसरी पाण्याची. २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी इथं गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, ते तुम्ही वाचलं असेल. ही गावं २०१७ आणि २०२१ ला शहरात आलेली. खडकवासल्याचं धरण नजरेच्या टप्प्यात, आणि नांदेडच्या विहिरीचं पाणी मात्र गाळण केंद्रातून न जाता फक्त क्लोरीन टाकून दिलं जात होतं. ती विहीर ग्रामपंचायतीच्या काळातलीच. हद्द बदलली, पाण्याचा मार्ग तोच राहिला. कोल्हापूरला काळम्मावाडी धरणातलं पाणी थेट जलवाहिनीनं २०२३ च्या दिवाळीत आलं. त्यातलं पाणी तुमच्या टाकीपर्यंत कुठल्या जलवाहिनीनं आणि कधी येणार, हे विचारा. "पाणी देऊ" एवढ्यावर बसू नका.

आरक्षणाचं: विकास आराखडा अंतिम झाल्यावर दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. तोवर मात्र उसाशिवाय त्या रानात काही करता येत नाही. आराखडा कोण करणार हेही विचारून ठेवा. पुण्यातल्या २३ गावांसाठी हे काम महापालिकेऐवजी पीएमआरडीएकडं (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडं) दिलं होतं.

आणि ग्रामसभेचा ठराव म्हणजे सगळं नव्हे. महापालिका अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणं आधी प्रारूप अधिसूचना निघते आणि हरकती-सूचना मागवतात. तिथं तुम्ही एकट्या, तुमच्या सहीनं, तुमच्या गट नंबरासह लेखी देऊ शकता. नुसतं "आमचा विरोध आहे" लिहिलेल्या शेकडो एकसारख्या अर्जांपेक्षा कुजलेल्या चार सऱ्यांचा फोटो आणि "या पाण्याचं काय करणार, किती महिन्यांत" एवढा एक अर्ज मला जास्त मोलाचा वाटतो. पोच घ्या.

माळावरची मास्तरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ग्रामसभा झाली.

ठराव विरोधातच झाला आणि मी हात वर केला नाही. सासऱ्यांनी बघितलं. पण मी उठून बोलले. म्हटलं, ठरावात एवढं तरी जोडा, की शासनानं निर्णय घेतलाच तर पाणी, गटार आणि गावचा प्रतिनिधी यांच्या तारखा लेखी द्याव्यात आणि गोठ्यांची नोंद गोठा म्हणूनच राहावी. दोघं-तिघं ओरडले, "म्हणजे तुमची तयारी आहे तर!" तेव्हा सासरेच म्हणाले, "लिहू दे की, त्यात वाईट काय आहे?" लिहिलं गेलं. ग्रामसेवकांनी वाचूनही दाखवलं.

दप्तरी काका, तुमचं वाचल्यावर आज सकाळी आमच्या चावीवाल्या (पाणी सोडणाऱ्या) मामांबरोबर गावभर फिरले. आमच्याकडं व्हॉल्व्हलाच चावी म्हणतात. सातवीची दोन पोरं टेप घेऊन सोबत होती. चौकोनी वहीवर बावीस चाव्या मांडल्या. तेवीसावी गिरणीच्या मागं उकिरड्याखाली आहे, असं मामा म्हणतात. ती उद्या उकरायची आहे.