गाडी चाकोरीत ओढली जाते? अनुभव लिहा

पद्मिनीपुत्र
काल पंढरपूरहून येताना उसाच्या डबल ट्रॉलीमागे अडकलो. कारखान्याकडच्या रस्त्यावर डांबर दबून अशा चाकोऱ्या पडल्यात की चाक आत गेलं की स्टेअरिंग ऐकेचना. एकदम बाबांची प्रीमियर पद्मिनी आठवली. गिअर स्टेअरिंगखाली, पुढे अखंड सीट, मधे मी. स्टेअरिंगला एवढा प्ले (ढिलेपणा) की सपाट रस्त्यावरही बाबा सारखे डावी-उजवी करत असायचे. आई म्हणायची, "अहो, सरळ चालवा की." बाबा : "मी सरळच चालवतोय, गाडीला सांग." आता पॉवर स्टेअरिंग आहे, रुंद टायर आहेत, आणि काल बायको सेम टू सेम आईसारखं बोलली! तुमच्याही गाड्या भरकटत असतील. येऊ द्या.

भाऊ_मिरजकर
रुंद टायर म्हणालात, तिथंच गोम आहे. आमच्या चिरंजीवांनी हौसेनं अलॉय आणि रुंद टायर बसवले. दिसायला झकास! पण चाकोरीच्या काठावर टायरची एक कड चढली की गाडी हिसका मारायची. बुटक्या टायरची बाजू कडक, दबत नाही. परत कंपनीच्या मापाचे घातले. चिरंजीव अजून बोलत नाहीत.

कुंदा
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमच्या परभणीकडे चाकोऱ्या कमी, लाटा जास्त. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचं डांबर काय करणार बिचारं. सासूबाई मागे बसून रामरक्षा सुरू करतात, फलश्रुतीपर्यंत घर येतं. शिट्टी झाली, येते.

सातारी_तडका
+१ रामरक्षेला

खटखट
माझी गाडी डावीकडे ओढायची. गॅरेजवाला दर वेळी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून पैसे घ्यायचा, चार दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर उचललं, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं. खट्, खट्. म्हणाले, "टायरॉडचा एंड गेलाय रं, ह्याला अलाइनमेंट काय करणार?" टायरॉड म्हणजे स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा, एंड म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा. वर-खाली धरून हललं तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट बघायचा. लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुशही बघा, रबर चिरलं तरी गाडी खड्ड्यात नाचते. आणि सगळ्यात आधी हवा! आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.

पद्मिनीपुत्र
@खटखट हवा बघितली, बरोबर आहे. पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघू का?

खटखट
बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर टायरचाच दोष. पण एकाच दिशेनं फिरणारे टायर असतील, बाजूला बाण असतो, तर अदलाबदल नको.

घाटमाथा
वडील ट्रकवर होते. ते सांगायचे, घाटात चढणीला चाकोरी जास्त खोल, कारण लोड गाडी सावकाश चढते आणि डांबरावर जास्त वेळ वजन पडतं. एप्रिल-मेमध्ये डांबर मऊ पडलं की बघायलाच नको. ट्रकच्या चाकांमधलं अंतर आपल्यापेक्षा जास्त, म्हणून आपलं एक चाक खोलगटात बसलं तर दुसरं काठावर. मी दोन्ही चाकं मधल्या उंचवट्यावर ठेवतो. बाहेर यायचं तर आधी वेग कमी, मग सावकाश तिरकं. स्टेअरिंग आवळून धरून झटापट करायची नाही. पावसात मात्र चाकोरीत पाणी साचतं, तिथं वेगात गेलात की गाडी तरंगलीच.

थंडीतला_पुणेकर
स्वीडनमध्येही चाकोऱ्या! इथे हिवाळ्यात टायरला खिळे असतात, ते रस्ता झिजवतात. ऊस नाही, ट्रॉली नाही, पण गाडी तशीच ओढते. बायको इथेही तेच म्हणते.

सातारी_तडका
@थंडीतला_पुणेकर खिळे?? पंक्चर नाही होत?

थंडीतला_पुणेकर
टोक बाहेरच्या बाजूला असतं हो!

कुंदा
आले परत. पंढरपूरहून कुठे चालला होतात? सोलापूरवरून गेला असाल तर शेंगा चटणी आणली का? आमच्याकडची संपली.

पद्मिनीपुत्र
आणली ना ताई. डिकीत पिशवी फुटली. आता गाडीला कायमचा लसणाचा वास.

भाऊ_मिरजकर
चटणी वाया गेली का पण?