चौथ्या मजल्यावरची बेडरूम: एंजिनिअर्ड ओक की बांबू?

फरशीवाला
पुण्यात फ्लॅट, बेडरूम १२ × १४ फूट. खाली जुन्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, त्या फोडायच्या नाहीत. एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या भिंतीमागे बाथरूम. दोन नमुने निवडलेत: १४ मिमी एंजिनिअर्ड ओक (वर २ मिमी ओक) आणि १४ मिमी स्ट्रँड-वोव्हन बांबू. दोन्ही क्लिकचे, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकतात, खाली चिकटवायच्या नाहीत. दुकानदार बांबूवर किल्ली घासून दाखवतो, "बघा, चरा पडत नाही". मे महिन्यात काम उरकायचं आहे. काय घेऊ?

रंधा
किल्लीने परीक्षा होते ती वरच्या लॅकरची, खालच्या बांबूची नाही. स्ट्रँड-वोव्हन कठीण असतो हे खरं. बांबूचे तंतू राळेत भिजवून जबर दाबाखाली ठोकळा करतात, त्यामुळे पलंगाचा पाय सहसा रुतत नाही. पण चपलेखालची वाळू लॅकरवर चरे पाडायचे ते दोन्हीकडे पाडणारच.

पुण्यात खरी अडचण हवेची. एप्रिलमध्ये दुपारी आर्द्रता २०-३० टक्क्यांवर येते, ऑगस्टमध्ये सकाळी ८० च्या पुढे जाते. मेमध्ये कोरडी फळी घट्ट बसवली की जुलैत ती फुगते, भिंतीला टेकते आणि मधोमध वर उचलली जाते. भर पावसात बसवलीत तर उलटं: उन्हाळ्यात सांध्यांत फटी. घाई नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थांबा.

मी ओक घेईन. आत प्लायचे थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, एकाला दुसरा फुगू देत नाही. मात्र नमुन्याची कापलेली कड बघूनच घ्या. थर दिसले तर ठीक. तपकिरी, पुठ्ठ्यासारखा एकसंध गाभा दिसला तर ते एचडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), बाथरूमच्या भिंतीलगत नको. २ मिमीला फार तर एकदा हलकं पॉलिश-घासकाम झेपतं. ०.६ मिमीवाला माल एकदाही घासता येत नाही, आणि भाव सांगताना दोन्ही "एंजिनिअर्ड"च.

वेळूबन
बांबू उगाच बदनाम होतो. बिघडतं ते घाईमुळे. बांबू ओलावा हळू घेतो, हळू सोडतो; ओकला ज्या खोलीत ३ दिवस पुरतात तिथे याला २-३ आठवडे द्या. खोकी उघडून, फळ्यांमध्ये हवा खेळेल अशी, त्याच खोलीत आडवी रचायची. फुगायला जागाही जास्त हवी, १५ मिमी धरा.

पट्ट्या चिकटवून केलेला साधा बांबू वेगळा आणि स्वस्त, त्यात खड्डे लवकर पडतात. त्यातही गडद "कार्बोनाइज्ड" रंग वाफेत शिजवून आणतात, त्यात पट्टी आणखी मऊ होते. आणि राळ-गोंद भरपूर असल्याने ई-१ दाखला मागा, म्हणजे गोंदातून सुटणारा फॉर्मल्डिहाइड वायू कमी असल्याचा, कुठल्याही कंपनीचा असला तरी.

ओळंबा
आधी खालची जमीन. २ मीटरची सरळ पट्टी फिरवा. ३ मिमीपेक्षा जास्त खड्डा असेल तिथे लेव्हलिंग कंपाउंड. नाण्याने टाइल्स वाजवा, पोकळ वाजेल ती पक्की करून घ्या, नाहीतर पावलागणिक कुरकुर. चौथ्या मजल्यावर ओल खालून येत नाही, बाथरूमच्या भिंतीतून येते. स्कर्टिंगवरचा रंग फुगलाय का, पोपडे आलेत का ते बघा. तसं असेल तर आधी गळती, मग फरशी.

२०० मायक्रॉन पॉलिथिन, जोडावर २० सेमी एकावर एक घेऊन टेप. वर २ मिमी फोम. ओकला चारही बाजूंना १०-१२ मिमी फट, ती स्कर्टिंगखाली झाकते. स्कर्टिंगचे खिळे भिंतीत, फळीत नाही. दार १४ + २ + फटीचे ३, म्हणजे साधारण १९ मिमी खालून कापावं लागेल. दार आणि टाइलमध्ये आधीच किती अंतर आहे ते त्यातून वजा करा.

फरशीवाला
ओक ठरवतो, दिवाळीनंतर. १६८ चौ. फूट, ८ टक्के वाया धरून १८१. खोक्यात २० चौ. फूट, म्हणजे १० खोकी? आणि भिंतीतलं कपाट फळ्यांवर उभं करू का?

ओळंबा
१० बरोबर, उरलेल्या फळ्या जपून ठेवा. पुढे तोच रंग मिळेलच असं नाही. कपाट फळ्यांवर नको. एका टोकाला कपाटाने दाबलं की फरशी सरकू शकत नाही, आणि सांधे दुसऱ्या टोकाला उघडतात. आधी कपाट, मग त्याच्यापर्यंत फळ्या.

रंधा
पोछा घट्ट पिळून. फिनाइलच्या बादलीने लादी पुसतात तशी ही पुसली तर सांध्यातून पाणी आत जातं आणि कडा वर येतात, मग त्या बसत नाहीत. पावसाळ्यात बाल्कनीच्या दाराशी पायपुसणं ठेवा, रबरी पाठ नसलेलं; रबराखाली लॅकरवर डाग पडतो.