मदत हवी आहे: नव्या पृथ्वीवर समुद्रच नाही?

मंडळी, जरा मदत करा. आम्ही वेंगुर्ल्याचे, पावसात होडी वर ओढलेली असते तेव्हा संध्याकाळी आजीला बायबल वाचून दाखवतो, काल प्रकटीकरण (बायबलचं शेवटचं पुस्तक) 21:1 आलं, नवं आकाश नवी पृथ्वी आणि समुद्र उरलाच नाही, तर आजी लगेच, मग आम्ही खायचं काय रे? हसलो, पण उत्तर नव्हतं. त्याच पुस्तकाच्या अध्याय 13 मध्ये श्वापद (देवाविरुद्ध उठणारा राक्षसी प्राणी) समुद्रातूनच वर येतं, मग समुद्र ही नुसती खूण आहे का खराच जाणार? आणि मत्तय 24:34 मध्ये येशू म्हणतो, हे सगळं होईपर्यंत "ही पिढी" नाहीशी होणार नाही, ती पिढी कुठली, इ.स. 70 ला यरुशलेमचं मंदिर पडताना बघणारी? दोनच वचनं खाली तर येशूच म्हणतो, तो शेवटचा दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. व्हिडिओची लिंक नको प्लीज, तिथे सगळे जगाच्या अंताच्या तारखाच सांगतात. साध्या भाषेत सांगा, आजी आज परत विचारणार.