गुलाब काढायला घेते आणि कोबी होतो (मदत हवी आहे)

जुईची_वेल

मंडळी, नमस्कार.

लाज गुंडाळून ठेवून लिहितेय. शाळेत एलिमेंटरीला सी ग्रेड होती आणि त्यानंतर पेन्सिल हातात धरली ती वाण्याची यादी करायला. तर पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. घरच्या ग्रुपवर निमंत्रणाच्या छापील पाकिटांचे नमुने येत होते, ते इतके भडक की माझ्या तोंडून निघून गेलं, "छापील कशाला? मी हाताने एकेक गुलाब काढते." पाकिटं आहेत ४०. वहिनीने लगेच तीन बदाम टाकले, त्यामुळे आता माघार नाही.

आठ दिवस झाले, रात्री जेवणं आटपली की बसते. मध्ये चकलीसारखं गोल गोल फिरवते आणि तिच्याभोवती पाकळ्या लावत जाते. नवरा परवा मागून डोकावून म्हणाला, "कोबी झकास आलाय." लेक सातवीत आहे. तिने विचारलं, "आई, हा मेंदू आहे का?"

पेन्सिलीत निदान खोडता तरी येतं. पेनने गिरवलं की उरलीसुरली शोभाही जाते. काल एक बरा जमला होता, खालची पेन्सिल खोडायला गेले आणि सगळी शाई काजळासारखी फासली गेली. पानांचं तर बोलूच नका, आंब्याच्या डहाळीला कोबी लागल्यासारखं दिसतं.

सामान: लेकीच्या कंपासपेटीतली एचबी पेन्सिल, काळा जेल पेन, आणि दाणेदार हँडमेड कागदाची पाकिटं. फोटो टाकलेत. आधी हसून घ्या, मग सांगा.

भेळपुरी_जास्त_तिखट

भेंडी चिरा, शाईत बुडवा, ठसे मारा. अर्ध्या तासात ४० पाकिटं.

जुईची_वेल

ते बालवाडीत करून झालंय. शिवाय भेंडीच्या ठशाला पाकळ्या पाचच येतात, माझ्या आईला वनस्पती ओळखता येतात.

सदाफुली७

अगं, चकलीचीच पद्धत सोपी आहे, मी रांगोळीत तसेच काढते. फक्त चकली लहान ठेव आणि पाकळ्या बाहेर जाता जाता मोठ्या करत जा. तुझ्या सगळ्या एका मापाच्या झाल्यात.

खडू_फळा

शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे फोटो पाहिल्यावर राहवलं नाही. ताई, तुमची रेघ वाईट नाही, हात थरथरत नाही. चूक बघण्यात आहे.

तुमचा कोबी का होतो ते सांगतो. चकली कागदाच्या बरोबर मध्यावर आहे. पाकळ्यांच्या रेघा एकमेकींपासून सारख्या अंतरावर आहेत. आणि प्रत्येक पाकळी स्वतंत्र, पूर्ण बंद केलेली आहे, माशाच्या खवल्यासारखी. कोबी आडवा चिरला की नेमकं असंच दिसतं. सदाफुलींची रांगोळी चालते, कारण रांगोळीत फूल वरून बघितलेलं असतं. पाकिटावर तुम्ही त्याला देठ लावताय, म्हणजे फूल बाजूने दिसतंय, आणि मध्य मात्र वरून पाहिल्यासारखा. एकाच फुलात दोन नजरा झाल्या.

एक काम करा. आमटीची वाटी डोळ्यांपेक्षा जरा खाली धरा. तिचं तोंड गोल दिसत नाही, चपटं लांबगोल दिसतं, आणि ते वाटीच्या मध्यात नसून वरच्या भागात असतं. गुलाब म्हणजे ती वाटी. आधी एचबीने, पेन्सिल टोकापासून लांब धरून, अगदी पुसट अंडाकार काढा. त्याच्या वरच्या भागात चपटा लांबगोल, हे वाटीचं तोंड. चकलीचे दोन वळसे फक्त तिथे, तेही अर्धवट. मग समोरची एक मोठी पाकळी, वाटीच्या भिंतीसारखी, तोंडापासून थेट देठापर्यंत उतरणारी. तिच्या डाव्या-उजव्या पाकळ्या तिच्या मागून निघतात. म्हणजे त्यांची रेघ समोरच्या पाकळीला टेकली की थांबली पाहिजे. पुढे नाही. कोबी आणि गुलाबातला अर्धा फरक एवढाच.

उरलेला अर्धा म्हणजे काठ. उमललेल्या गुलाबाच्या पाकळीचा काठ बाहेर वळलेला असतो. काठाच्या रेघेला खालून दुसरी रेघ जोडा, चंद्रकोरीसारखी बारीक जागा तयार होईल. ती कोरी सोडा आणि तिच्या लगेच खाली छाया द्या. बाकी पाकळी जवळजवळ रिकामी राहिली तरी चालेल.

दौत_आणि_बोरू

सरांनी पेन्सिलीचं सांगितलं, मी पेनचं सांगतो. या दाणेदार कागदावर जेल पेन नको. शाई वर थबकून राहते, लवकर सुकत नाही, म्हणून फासली गेली. फाउंटन पेन तर अजिबात नको, कागदाचे धागे निबेत अडकतात आणि रेघेला मुळ्या फुटतात.

साधा बॉलपेन घ्या. हसू नका. दाब दिला की गडद आणि नुसता फिरवला की पेन्सिलीइतकी फिकी रेघ बॉलपेनच देतो, जेल पेन एकसारखी शाई सोडत राहतो. टोकाशी शाईचा गोळा जमतो, तेवढा दर दोन-तीन मिनिटांनी रद्दी कागदावर पुसायचा. तळहाताखाली कोरा कागद ठेवायचा आणि उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडून उजवीकडे यायचं. बॉलपेनची शाई उजेडात कालांतराने उडते, पण पाकिटाला काय त्याचं. फ्रेम करून लावायचं असेल तर पिगमेंट शाईचा फाइनलायनर, ०.१ आणि ०.५ असे दोन.

गिरवताना सर्वांत पुढची पाकळी आधी. मागच्या पाकळीपासून सुरुवात केली की रेघ पुढच्या पाकळीत घुसते आणि मग खोडायची सोय नसते. छायेच्या रेघा पाकळीच्या वळणानेच जाऊ द्या, बुडापासून काठाकडे, आणि रेघ सुटताना पेन हलका उचला. आडव्या जाळीच्या रेघा मारल्या की फूल चेंगरलेलं दिसतं.

खोडायचं दुसऱ्या दिवशी. साध्या खोडरबराने शाईही फिकी पडते. कणकेसारखा मळता येणारा खोडरबर मिळतो, तो घासायचा नाही, टेकवून उचलायचा.

आणि हो, पाकीट दुहेरी असतं. मागचा सांधा मध्येच लागतो आणि रेघ उडते. आत जाडसर पुठ्ठा सरकवून मग काढा. हे मला माझ्याच लग्नाची २० पाकिटं वाया गेल्यावर कळलं.

मावळातला_माळी

तळेगावच्या बाजूला पॉलीहाऊसमध्ये काम करतो, दिवसाला हजारांनी गुलाब हातावरून जातात. चित्रातलं कळत नाही पण पानांचं सांगू शकतो.

गुलाबाचं पान एकटं नसतं. एका दांडीवर पाच पानं, कधी सात. दोन-दोन समोरासमोर आणि टोकाला एक, ते सगळ्यांत मोठं. कडेला करवतीचे दात, सगळे टोकाकडे झुकलेले. दांडी फांदीला जिथे मिळते तिथे दोन्ही बाजूंना बारीक हिरवी झालर चिकटलेली असते. ती काढली की बघणारा फसत नाही, हा गुलाबच. काटे बुडाशी रुंद आणि टोकाला खाली वळलेले असतात. ताईंनी अधिकचिन्हं काढलीत.

फुलाखाली गोल फुगीर गाठ आणि तिथून पाच हिरवी निदलं, म्हणजे कळीला झाकणारी पानं. त्या पाचांचं युरोपात जुनं कोडं आहे: पाच भाऊ, दोघांना दाढी, दोघांना नाही, आणि पाचव्याला एकाच गालावर. रानगुलाबाची कळी घेऊन बघा. ज्या कडा कळीत बाहेर राहतात त्यांना झालर फुटते, ज्या दुसऱ्याखाली दबतात त्या साफ राहतात. पाचव्याची एक कड बाहेर, एक आत.

जुईची_वेल

सगळ्यांना शतशः धन्यवाद! वाटीची युक्ती लगेच करून बघितली. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून लाल गुलाबही आणला, वरची पांढरी जाळी काढून समोर ठेवला. सात काढले. पाचवा आणि सातवा गुलाब आहेत, नवऱ्यानेही मान्य केलं.

पण खरं सांगू? चांगला आला तरी त्यात गंमत वाटेना. बुकेच्या दुकानावरची पाटी वाटते. काय कमी पडतंय कळत नाही.

खडू_फळा

ताई, आईंना कोणता गुलाब आवडतो?

जुईची_वेल

सर, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत.

आईच्या साताऱ्याच्या घरी न्हाणीमागे गावठी गुलाब आहे. फिका गुलाबी, हात लावला की पाकळ्या गळणारा. सांडपाण्यावर वाढलेला, त्याला कधी कोणी खत घातलं नाही. उन्हाळ्यात आम्ही पाकळ्या वेचायचो आणि आई साखरेत थर देऊन बरणी गच्चीवर उन्हात ठेवायची. गुलकंदाच्या बरणीवर आम्ही तिघं भावंडं राखण करायचो आणि राखण करणारेच संपवायचे. मी एवढे दिवस दुकानातला लाल गुलाब कशाला घोटत बसलेय?

खडू_फळा

मग वाटी ठेवून द्या, बशी घ्या.

दुकानातला गुलाब मध्यावर उंच आणि टोकदार असतो, पाकळ्या मोठ्या आणि मोजक्या. गावठी उमलला की पसरतो. पाकळ्या लहान, पुष्कळ, आणि मधल्या तर चुरगळलेल्या. चकली त्यात नसतेच. बशीत हातरुमाल चुरगळून ठेवलाय असं समजा.

आधी चपटा लांबगोल, ही बशी. बाहेर मोठ्या पाच-सहा पाकळ्या, समोरच्या एक-दोन खाली लोंबणाऱ्या, काठ मध्ये किंचित खाचलेला. आत प्रत्येक पाकळी काढायच्या फंदात पडू नका, नाहीतर पुन्हा कोबी. तीन-चार झुबके करा. प्रत्येक झुबक्यात चार-पाच आखूड वाकड्या रेघा, आपापल्या झुबक्याच्या बुडाकडे जाणाऱ्या. दोन झुबक्यांच्या फटीत पेन दाबून गडद करा. तेवढ्याच तीन-चार काळ्या फटी, बाकी कागद कोरा. गावठी गुलाब फिका असतो, त्याला शाई कमीच लागते. आणि एक पाकळी गळून खाली पडलेली काढा.

सदाफुली७

बटर पेपरवर एक चांगला काढून मागे मऊ पेन्सिल घासली तर ४० वेळा उमटवता येईल ना? की ती फसवणूक?

दौत_आणि_बोरू

फसवणूक कसली, घरचंच कार्य आहे. पण मग ४० फुलांची तोंडं एकाच बाजूला होतील. फक्त बाहेरचा लांबगोल आणि देठ उमटवा, आतलं हाताने.

जुईची_वेल

ताजी खबर. २६ झाली. बॉलपेन आणि पुठ्ठा दोन्ही कामी आले. पहिल्या सहांत झुबके जरा जास्त झाले, ती मामांकडच्या मंडळींना पाठवणार.

रविवारी आईकडे गेले होते, पिशवीतलं एक पाकीट तिला दिसलंच. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हा आपला न्हाणीमागचा." मी खूश. मग म्हणाली, "पण त्याची पानं एवढी धड कधी होती गं? निम्मी तर कुरतडलेली असायची."

आता त्यावर काय करू? पानांना भोकं पाडली तर घाण दिसेल का?

मावळातला_माळी

मध्ये भोकं नको. कडेने अर्धगोल घास घेतलेले असायचे का? नाण्याने मापून कापल्यासारखे?

जुईची_वेल

हो! अगदी तसेच. आम्ही तिकीट फाडलेलं पान म्हणायचो.

मावळातला_माळी

मग ती कीड नाही, पान कापणारी मधमाशी. तो तुकडा खात नाही, गुंडाळून नेते आणि त्याची पिलांसाठी खोली करते. झाडाचं फारसं बिघडत नाही.

खडू_फळा

पाच पानांपैकी दोघांनाच काढा, आणि एकाच कडेला. पानाची बाहेरची रेघ करवतीच्या दातांसकट येऊ द्या, घासाच्या जागी दात बंद, रेघ गुळगुळीत आत वळवा. गिरवण्याआधी पेन्सिलीत ठरवून घ्या, झालेल्या पानावर मागाहून घास काढता येत नाही.

जुईची_वेल

म्हणजे झालेली २६ धड पानांचीच जाणार. असू दे. उरलेल्या १४ ना घास, आणि त्यातलं एक आईच्या नावाचं. आज रात्री बसते.